वसईहून मराठवाड्यात आल्यावर नव्या धर्मग्रामात आपलेपणा कसा मिळवावा?

पापडीची_लेक (धागाकर्ती)

सर्वांना जय ख्रिस्त.

यजमानांची नोकरी वाळूज औद्योगिक वसाहतीत आल्यामुळे आम्ही दोघे, आमची मुलगी आणि सासूबाई असे मागील वर्षी पावसाळ्यात वसई सोडून छत्रपती संभाजीनगरला राहायला आलो. घर मिळाले, मुलीला शाळा मिळाली, शेजारीही मनमिळाऊ निघाले. मात्र रविवारी मिस्सेला (चर्चमधल्या मुख्य उपासनेला) जाऊन आल्यावर मनाला जी स्वस्थता वाटायला हवी, ती अजून वाटत नाही, आणि ही रुखरुख घरात कोणापाशी बोलावी तर प्रत्येकाच्या मनात तीच असल्यामुळे बोलणे तिथेच थांबते.

वसईत चर्च आणि गाव वेगळे नसतात, हे तिकडच्या वाचकांना सांगायला नको. पोर्तुगीज अमदानीपासून उभी असलेली चर्चे, प्रत्येक आळीचा स्वतःचा क्रूस, मे महिन्यात संध्याकाळी त्या क्रूसापाशी होणारी जपमाळ आणि ती संपल्यावर कागदाच्या पुडीत हातावर पडणारे उकडलेले चणे, या सगळ्यांत मी वाढले. मी कोणाची नात, कोणाची पुतणी हे वेदीसेवक मुलांपासून घंटा वाजवणाऱ्या काकांपर्यंत सर्वांना ठाऊक होते. आपण या धर्मग्रामाचे, म्हणजे एका चर्चच्या हद्दीतल्या श्रद्धावंतांच्या समाजाचे, आहोत की नाही, असा प्रश्न तिथे कधी पडलाच नाही.

इथे मिस्सा तीच आहे, मराठीही तीच आहे, फादरांचे प्रवचन मनापासून ऐकावे असे असते. पण गायनाला सुरुवात झाली की शब्द माझ्या ओळखीचे आणि चाल अनोळखी असे होते. इथे पेटी आणि ढोलकीच्या साथीने भजनाच्या अंगाने गातात आणि मी वसईच्या सवयीने सूर लावला की पुढच्या बाकावरच्या बाया वळून पाहतात. मिस्सा संपल्यावर थोड्याच वेळात आवार रिकामे होते, कारण कोणाला चिकलठाण्याला जायचे असते, कोणाला पैठण रस्त्याला, कोणाला पार गंगापूरकडे. सासूबाई मात्र कोणीतरी येऊन विचारपूस करील या आशेने पायरीशी थांबून राहतात. वसईत त्या पस्तीस वर्षे जपमाळ मंडळाच्या प्रमुख होत्या.

माझी विनंती अशी की, जे असे गाव बदलून नव्या धर्मग्रामात आले आहेत, त्यांनी आपला अनुभव सविस्तर लिहावा. ‘काळ जाऊ द्या, आपोआप होईल’ हे उत्तर मला पुष्कळांनी दिले आहे. त्याहून काही वेगळे हवे आहे.

गोदाकाठ

ताई, मी वैजापूर तालुक्यातील एका खेड्यातला, शिक्षण आणि नोकरीच्या निमित्ताने शहरात येऊन स्थिरावलेला. तुम्ही ज्याला इथली माणसे म्हणता त्यांपैकी मी एक आहे, तेव्हा इकडच्या बाजूने चार गोष्टी सांगतो.

पहिली गोष्ट अशी की, तुम्हाला ज्या धर्मग्रामात एकजिनसी समाज दिसतो आहे, तो तसा नाही. औरंगाबाद धर्मप्रांत १९७७ साली अस्तित्वात आला; म्हणजे धर्मप्रांत म्हणून त्याचे वय माझ्यासारख्या माणसाच्या वयाहूनही कमी आहे. त्यापूर्वी फ्रान्सलियन मिशनऱ्यांनी घोगरगावसारख्या ठिकाणी राहून, खेडोपाडी पायपीट करून जे काम केले त्यातून आमची गावे उभी राहिली. शहरातल्या चर्चमध्ये रविवारी जमतात त्यांत आमच्यासारखे खेड्यांतून आलेले, गोवा-मंगळूरकडून नोकरीसाठी आलेले, केरळच्या परिचारिका, सैन्यातील कुटुंबे आणि आता तुमच्यासारखे वसईचे, असे सगळे असतात. त्यामुळे पायरीशी उभ्या असलेल्या तुमच्या सासूबाईंना पाहून दहांपैकी आठ जणांना वाटत असेल की, या कोणाच्या तरी पाहुण्या आहेत आणि ज्यांच्या आहेत ते येतीलच.

दुसरी गोष्ट आडनावांची. तुमच्याकडे डिसोझा, लोपीस, परेरा. आमच्याकडे गायकवाड, साळवे, पठारे, त्रिभुवन. परदेशी वळणाचे आडनाव ऐकले की आमच्या खेड्यातला माणूस आदराने दोन पावले मागे सरतो. त्याला तुमच्याशी बोलायचे नसते असे नाही. आपल्या बोलण्याला, आपल्या कपड्यांना ही माणसे काय म्हणतील, या संकोचाने तो गप्प राहतो. आमच्या गावच्या चर्चमध्ये बाके नाहीत. चपला बाहेर काढायच्या, सतरंजीवर एका बाजूला पुरुष आणि दुसऱ्या बाजूला बायका बसायच्या, बायकांनी डोक्यावर पदर घ्यायचा, अशी रीत. त्यातून आलेल्या माणसाला शहरातल्या चर्चमध्ये पहिली काही वर्षे तुमच्याइतकेच परके वाटते. मलाही वाटले आहे.

तिसरी गोष्ट जरा नाजूक आहे, पण कोणीतरी सांगायला हवी. आमच्यातील बहुसंख्य कुटुंबे पूर्वाश्रमीच्या अस्पृश्य जातींतून आलेली आहेत. अनुसूचित जातींसंबंधीच्या १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशात प्रारंभी केवळ हिंदूंचा समावेश होता. १९५६ साली शिखांना आणि १९९० साली बौद्धांना त्यात स्थान मिळाले, पण ख्रिस्ती झालेल्यांना अद्याप नाही. शाळेचा दाखला, शिष्यवृत्ती, नोकरी या सगळ्यांशी हा प्रश्न बांधलेला असल्यामुळे आमची माणसे पहिल्या भेटीत स्वतःविषयी फार बोलत नाहीत. नव्या माणसाने ‘तुम्ही मूळचे कोण?’ असे सहज विचारले, तरी ते त्यांना सहज वाटत नाही. त्याऐवजी ‘तुमचे गाव कोणते?’ असे विचारून पाहा. गाव विचारले की माणूस खुलतो. मग गावचा सण, गावचे जुने फादर, हरेगावच्या मतमाउलीच्या (मरियामातेच्या) यात्रेला लहानपणी पायी गेल्याची आठवण, असे सगळे तो आपण होऊन सांगू लागतो.

आणि शेवटचे. तुम्हाला गाता येते, हे तुमच्या लिहिण्यावरून दिसते. गायकवृंदात जाऊन बसा. चाल येत नाही म्हणून मागे बसू नका. चाल शिकायला पुढेच बसावे लागते.

पाळीवरचा_माणूस

वाळूजला मी तिन्ही पाळ्यांत काम करतो, त्यामुळे रविवारची सकाळ माझ्या हातात नसते. लातूरहून आलो तेव्हा दोन-तीन रविवार लागोपाठ चुकले की पुढच्या रविवारी जायलाच संकोच वाटायचा. लोक काय म्हणतील, हा विचार आधी यायचा. नंतर एका फादरांनी समजावून सांगितले की, शनिवारी संध्याकाळच्या मिस्सेनेही रविवारचे कर्तव्य पूर्ण होते. आता शनिवारी येणारे आम्ही मोजके जण एकमेकांना चांगले ओळखतो. मोठ्या मिस्सेत जे जमले नाही ते या लहान मिस्सेत जमले, कारण इथे एखादा आला नाही तर लगेच लक्षात येते आणि फोन येतो. ताईंच्या यजमानांची पाळी असेल तर त्यांनाही पाठवा.

पापडीची_लेक (धागाकर्ती)

गोदाकाठ दादा, तुमचे उत्तर मी सासूबाईंना मोठ्याने वाचून दाखवले. आडनावाचा भाग ऐकून त्या बराच वेळ काही बोलल्या नाहीत आणि मग म्हणाल्या की, आपण ज्यांची वाट पाहत होतो ती माणसे आपल्यालाच बिचकत असतील, हे सुचलेच नव्हते.

चालीचा प्रश्न मात्र माझ्यासाठी दिसतो त्याहून मोठा आहे. प्रार्थना माझ्या ओठांवर माझ्या आईच्या चालीत आली आहे. ती सोडून दुसऱ्या चालीत गायचे म्हणजे आईला सोडल्यासारखे वाटते, असे म्हटले तर कोणाला अतिशयोक्ती वाटेल, पण मला खरेच तसे वाटते. १९६३ साली व्हॅटिकन परिषदेने लोकभाषेतील उपासनेचा मार्ग मोकळा केला, तेव्हा आमच्या आजीच्या पिढीलाही लॅटिन गायन सोडताना असेच झाले असेल का? त्या पिढीतील कोणी मोठे माणूस हे वाचत असेल, तर त्यांनी अवश्य लिहावे.

पाळीवरचा माणूस दादा, शनिवारच्या मिस्सेची माहिती यजमानांना दिली आहे. मनापासून आभार.

नोंदवही

मी बरीच वर्षे एका धर्मग्रामाच्या कार्यालयात नोंदींचे काम स्वयंसेवक म्हणून पाहिले आहे. चर्चेत भावनेची बाजू चांगली आली आहे; मी नियमांची बाजू मांडतो, कारण ती माहीत असली की पुष्कळ संकोच आपोआप गळून पडतो.

अनेकांचा असा समज असतो की, कुटुंबाचे कार्ड भरून घेतले, वर्गणी सुरू झाली, फादरांनी नाव लिहून घेतले की मग आपण त्या धर्मग्रामाचे. चर्चच्या १९८३ च्या कायदेसंहितेत असे नाही. कलम ५१८ नुसार धर्मग्राम हा सामान्यतः प्रदेशावर ठरतो, म्हणजे त्या हद्दीत राहणारे सर्व श्रद्धावंत त्याचे असतात. कलम १०२ सांगते की, कायम राहण्याच्या हेतूने एखाद्या ठिकाणी राहायला आलो किंवा तिथे पाच वर्षे पूर्ण झाली, की ते आपले निवासस्थान ठरते. आणि किमान तीन महिने राहण्याच्या हेतूने आलो किंवा तीन महिने खरोखर राहिलो, तरी तेवढ्यापुरते निवासस्थान मिळते. कलम १०७ नुसार याच निवासातून आपल्याला आपले धर्मगुरू मिळतात. याचा सरळ अर्थ असा की, ताई, तुम्ही राहण्याच्या हेतूने ज्या दिवशी घरात सामान लावले, त्या दिवसापासून तुम्ही त्या धर्मग्रामाच्या आहात. कार्ड भरणे उपयोगाचे आहे आणि ते भरावेच, पण ते प्रवेशपत्र नव्हे. कोणी तुम्हाला आत घ्यायचे बाकी राहिलेले नाही.

दुसरी बाजू धर्मगुरूंच्या कर्तव्याची. कलम ५२९ मध्ये स्पष्ट म्हटले आहे की, त्यांनी आपल्याकडे सोपवलेल्या माणसांना ओळखण्याचा प्रयत्न करावा, कुटुंबांना भेटी द्याव्यात आणि विशेषतः गरीब, दुःखी, एकाकी आणि आपल्या भूमीपासून दूर आलेल्या लोकांकडे आस्थेने लक्ष द्यावे. दूर आलेल्यांचा उल्लेख कायद्यात आहे, हे मला नेहमी महत्त्वाचे वाटत आले आहे. म्हणून घरी येऊन आशीर्वाद द्यावा, असे फादरांना निःसंकोच सांगावे. एका फादरांकडे शहरातल्या वस्त्या आणि खेड्यांतील उपकेंद्रे अशी दोन्ही कामे असली, तर सांगितल्याशिवाय नवे घर त्यांच्या लक्षात येणे अवघड असते.

मुलगी आठ-नऊ वर्षांची असेल तर प्रथम ख्रिस्तप्रसादाची (मिस्सेतली पवित्र भाकर पहिल्यांदा स्वीकारण्याची) तयारी जवळ आली असेल. त्यासंबंधी काही विचारायचे असल्यास जरूर विचारा.

ऊसपट्ट्यातली_बाई

मी बीड जिल्ह्यात शिक्षिका आहे. आमचे चर्च म्हणजे मुख्य धर्मग्रामाचे एक लहान उपकेंद्र. फादर दर रविवारी येऊ शकत नाहीत आणि ते नसतील तेव्हा धर्मशिक्षक मास्तर वचने वाचून प्रार्थना घेतात. शहर बदलून एकदाच दुसरीकडे गेलेल्या माणसाच्या दुःखाविषयी इथे लिहिले जात आहे, ते मी आपुलकीने वाचले. आमच्या गावात मात्र अर्धी मंडळी दरवर्षी गाव सोडतात आणि दरवर्षी परत येतात; त्यांच्याविषयी लिहिल्याशिवाय मराठवाड्यातल्या धर्मग्रामाची गोष्ट पुरी होणार नाही.

दसरा-दिवाळीच्या सुमारास मुकादमाकडून घेतलेल्या उचलीपोटी ऊसतोडीला कोयते निघतात. नवरा-बायको मिळून एक कोयता. काही टोळ्या सांगली-कोल्हापूरकडे जातात, काही अहिल्यानगरकडे, काही कर्नाटकातही. त्यानंतर आमच्या चर्चमध्ये म्हातारी माणसे आणि त्यांच्याजवळ ठेवलेली शाळकरी मुले तेवढी उरतात. नाताळ आमच्याकडे दोन ठिकाणी होतो: गावात आजी-नातवंडांचा आणि उसाच्या फडाजवळच्या कोप्यांमध्ये (झोपड्यांमध्ये) आई-बापांचा. कागदी चांदणी दोन्हीकडे लागते. पुनरुत्थानाचा रविवार (ईस्टर) २२ मार्च ते २५ एप्रिल यांदरम्यान कधीही येत असल्यामुळे एखाद्या वर्षी टोळ्या परतलेल्या असतात आणि चर्च भरते, तर सण लवकर आला की त्या रविवारीसुद्धा सतरंजीची अर्धी बाजू मोकळी असते. म्हणून आमच्याकडे स्नानसंस्कार (बाप्तिस्मा) आणि प्रथम ख्रिस्तप्रसाद शक्यतो मे महिन्यात ठेवतात. मुलांनी पांढरे कपडे घालावेत आणि आई-बापांनी ते पाहू नयेत, असे कोणालाच नको असते.

माझी सख्खी मावशी अनेक हंगाम तोडीला गेली आहे. एका कारखान्याजवळ राहत असताना ती आणि आणखी चार-सहा जणी जवळच्या गावातल्या चर्चमध्ये गेल्या. तोडीच्या कपड्यांत, पायांवर उसाच्या पाचटाने कापल्याच्या रेषा, अशा अवस्थेत त्या शेवटच्या बाकाच्याही मागे उभ्या राहिल्या. मिस्सा संपल्यावर तिथल्या एका वयस्क बाईने त्यांना थांबवून ‘तुमच्यापैकी वाचता कोणाला येते?’ असे विचारले. मावशी चौथी शिकलेली. पुढच्या खेपेला ती गेली तेव्हा विश्वासणाऱ्यांच्या प्रार्थनांपैकी एक प्रार्थना तिच्या हातात कागदावर लिहून दिलेली होती, आणि ती प्रार्थना ऊसतोड कामगारांसाठीच होती. रविवारीही तोड चालू असते हे कळल्यावर तिथले फादर मधल्या वारी संध्याकाळी कोप्यांजवळ आले आणि बैलगाडीच्या मागे खाटेवर पांढरे वस्त्र अंथरून त्यांनी मिस्सा अर्पण केली. मावशी आज थकली आहे, पण त्या गावाचे नाव घेताना अजूनही ‘आमचे चर्च’ असेच म्हणते. तिथे ती एकच हंगाम होती.

मला यातून जे दिसते ते असे: त्या बाईने मावशीला चहा देऊन दोन गोड शब्द बोलून पाठवले असते, तरी चांगलेच होते, पण मावशीला तिथले केले ते वाचायला दिलेल्या त्या कागदाने. पाहुण्याची सरबराई होते आणि घरच्या माणसाला काम सांगितले जाते. तुम्हीही काम मागून घ्या, ताई. वाचन, फुले, धर्मशिक्षणाचा वर्ग, सतरंज्या झटकणे, जे मिळेल ते.

एकटी_पण_विश्वासू

वरील सर्व प्रतिसाद मी आदराने वाचले, तरीही एक वेगळी बाजू मांडणे मला आवश्यक वाटते.

काम केले की आपलेपणा मिळतो, हे खरे आहे आणि मीही त्या मार्गाने तो मिळवला होता. आमच्या धर्मग्रामात वेदीची फुले आणि वस्त्रे मी सांभाळत असे. पतीच्या निधनानंतर गुडघ्यांनी साथ सोडली आणि मला काम करता येईना. काम थांबले तसे माणसांचे येणेही थांबले. माझ्या जागी दुसरी बाई फुले लावू लागली, ती उत्तमच लावत असेल. पण जो आपलेपणा हाताला काम असेपर्यंतच टिकतो, त्याच्यावर नव्याने आलेल्या माणसाने सगळा भार टाकू नये, असे मला कळकळीने सांगावेसे वाटते. नोंदवही यांनी कायद्यातले कलम सांगितले, ते वाचून माझे डोळे भरून आले, कारण एकाकी माणसांकडे लक्ष देण्याची गोष्ट कुठेतरी लिहून ठेवलेली आहे, हे मला ठाऊक नव्हते.

ताई, तुमच्या सासूबाईंच्या वयाच्या आम्ही बायका पायरीशी उभ्या राहतो, त्याला कारण असते. आम्हाला काम नको असते असे नाही, पण काम न देताही कोणी हाक मारावी, असे वाटते.

ऊसपट्ट्यातली_बाई

काकू, तुमचे म्हणणे मी मान्य करते आणि माझ्या लिहिण्यात ही बाजू राहून गेली होती. आमच्याकडे टोळ्या गेल्यानंतर मागे राहिलेल्या म्हाताऱ्या माणसांच्या घरी मास्तर आणि शाळकरी मुले मिळून जातात, जपमाळ म्हणतात आणि औषधाची चिठ्ठी असेल तर वाचून देतात. हे कोणी योजना म्हणून सुरू केले नाही. मुलांना आजीकडे जायचे असते म्हणून ते टिकले आहे. शहरात असे होऊ शकते का, याविषयी शहरातल्या लोकांनी लिहावे. आपण कोणत्या गावी आहात हे जाहीर लिहू नका, पण मला खासगी निरोप पाठवा. आमच्या ओळखीचे कोणी ना कोणी तिकडे नक्की असेल.

दोन्हीकडची

मी नांदेडची, माझे यजमान केरळचे, सिरो-मलबार परंपरेतले, म्हणजे कॅथलिकच, पण उपासनेची रीत वेगळी. नव्याने आलेल्यांना एक शंका हमखास येते म्हणून लिहिते. आपण लॅटिन परंपरेच्या धर्मग्रामात नियमित जाऊ लागलो म्हणून आपली मूळ परंपरा सुटते का? नाही. कितीही वर्षे दुसऱ्या परंपरेत संस्कार घेतले, तरी केवळ त्यामुळे नोंद बदलत नाही. यजमान आमच्या चर्चमध्ये मराठीत प्रतिसाद देतात आणि त्यांच्या परंपरेचे धर्मगुरू मल्याळम मिस्सेसाठी येतात तेव्हा आम्ही सगळे तिकडे जातो. ताईंनी लिहिलेल्या आईच्या चालीविषयी एवढेच सांगते की, आमच्या घरात दोन्ही चाली आहेत आणि मुलांना दोन्ही आपल्याच वाटतात.

गोदाकाठ

काकूंनी लिहिलेले वाचल्यावर माझ्या आधीच्या सल्ल्यात थोडी भर घालतो. गायकवृंद हा ताईंसाठी. सासूबाईंसाठी ऑक्टोबर हा जपमाळेचा महिना आहे. आमच्या बाजूच्या वस्त्यांमध्ये या महिन्यात रोज एका घरी जपमाळ असते आणि मतमाउलीची मूर्ती एका घरून दुसऱ्या घरी नेली जाते. मूर्ती तुमच्याकडे एक रात्र राहावी, असे वस्तीच्या प्रमुखांना सांगा. मूर्ती घरी आली की तिच्या मागे पंधरा-वीस घरे येतात आणि ज्या माणसांना चर्चच्या आवारात संकोच वाटतो तीच माणसे घरात मांडी घालून बसतात.

आणखी एक आठवण सांगतो. जानेवारी २०२० मध्ये धाराशिवला, तेव्हाच्या उस्मानाबादला, त्र्याण्णवावे अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन झाले. अध्यक्ष होते तुमच्या वसईचे फादर फ्रान्सिस दिब्रिटो. मराठवाड्याच्या मातीत मराठी साहित्याच्या व्यासपीठावर एक कॅथलिक धर्मगुरू अध्यक्ष म्हणून बसले, याचा आमच्या खेड्यांतल्या माणसांना किती अभिमान वाटला, हे मी स्वतः पाहिले आहे. २०२४ च्या जुलैत ते गेले, तेव्हा आमच्या गावच्या चर्चमध्ये त्यांच्यासाठी प्रार्थना झाली. वसई आणि मराठवाडा यांच्यात दुवा नाही, असे समजू नका. जपमाळेच्या वेळी सासूबाईंनी त्यांचा विषय काढला, तर बोलणारे पुष्कळ निघतील.

पापडीची_लेक (धागाकर्ती)

सर्वांचे ऋण मानते. थोडे उशिरा लिहीत आहे, कारण मधल्या काळात तुमच्या सूचनांप्रमाणे काही गोष्टी करून पाहायच्या होत्या.

मतमाउलीची मूर्ती आमच्या घरी आली. सासूबाईंनी दिवाणखान्यातला सोफा बाजूला करवून घेतला आणि वस्तीतल्या एका घरून सतरंज्या मागवल्या. जपमाळ इथल्या पद्धतीने झाली, शेवटचे गीत मात्र आमच्या वसईच्या चालीत म्हणावे, असा आग्रह वस्तीतल्या बायकांनीच धरला. सासूबाईंनी सुरुवात केली, मी साथ दिली, आणि दुसऱ्या कडव्याला ढोलकीवाल्या मुलाने ठेका धरला. आमच्या चालीला ढोलकी कधी लागली नव्हती, पण ती लागली आणि छान लागली. मी सर्वांना उकडलेले चणे दिले. पुडी कशासाठी, असे एका आजींनी विचारले आणि त्यावरून वसईच्या क्रूसांविषयी बराच वेळ बोलणे झाले.

गायकवृंदात मी जाऊ लागले आहे. मला अजून सगळ्या चाली येत नाहीत. सराव घेणारे दादा शांतपणे शिकवतात आणि चुकले तर पुन्हा म्हणायला लावतात, इतकेच.

‘एकटी पण विश्वासू’ काकूंचे लिहिणे सासूबाईंच्या मनाला लागले. वस्तीतल्या ज्या बायका चर्चला येऊ शकत नाहीत त्यांची नावे त्यांनी लिहून घेतली आहेत, आणि आजारी माणसांना घरी ख्रिस्तप्रसाद नेला जातो तेव्हा त्या बरोबर जातात. प्रसाद देऊन झाला की बाकीचे पुढच्या घरी निघतात. सासूबाई मागे थांबून बोलत बसतात. जपमाळ मंडळाचे प्रमुखपद त्यांना इथे मिळालेले नाही, आणि आता त्या त्याचा विषयही काढत नाहीत. काकू, आपण संभाजीनगरच्या जवळपास असाल, तर त्या आपल्याकडेही येतील. अगदी मनापासून सांगते.

सगळे सुरळीत झाले, असे मी म्हणणार नाही. नाताळ जवळ येईल तेव्हा वसईची आठवण अधिकच तीव्र होईल आणि देवगिरी एक्स्प्रेसची तिकिटे काढावीत की इथेच थांबावे, यावर घरात आत्तापासून दोन मते आहेत. मुलगी म्हणते इथेच थांबू, कारण तिला नाताळगीतांच्या गटाबरोबर वस्तीत घरोघर जायचे आहे.

नोंदवही दादा, तिचा प्रथम ख्रिस्तप्रसाद पुढच्या वर्षी इथेच व्हावा, असे ठरले आहे. स्नानसंस्कार वसईत झाला आहे. त्याची नोंद इकडे हलवून घ्यावी लागते का?

नोंदवही

नाही, ताई. स्नानसंस्काराची मूळ नोंद जिथे संस्कार झाला त्या धर्मग्रामाच्या वहीतच कायम राहते. तिथून दाखला मागवायचा असतो. मुलीचे पूर्ण नाव, जन्मतारीख, संस्काराची अंदाजे तारीख आणि आई-वडिलांची नावे लिहून पत्र पाठवा किंवा वसईतल्या कोणा नातेवाइकाला कार्यालयात जायला सांगा. दाखला आला की तो इथल्या धर्मशिक्षणाच्या वर्गाच्या प्रमुखांकडे द्या आणि एक झेरॉक्स स्वतःजवळ ठेवा. पुढे दृढीकरण आणि विवाह झाल्यावर त्यांची नोंद इथून वसईला कळवली जाते आणि ती त्याच जुन्या पानावर चढते. विवाहाच्या वेळी मात्र दाखला नव्याने काढलेला लागतो, त्यामुळे हा दाखला त्या वेळी चालेल असे समजून ठेवून देऊ नका. वर्ग बहुतेक ठिकाणी जूनमध्ये, शाळेबरोबर सुरू होतात, म्हणून पत्र नाताळपूर्वीच पाठवलेले बरे. सणाच्या दिवसांत कार्यालयांमध्ये फार गर्दी असते.